बैल वाट ओळखतो, गाडी ओळखत नाही

बैलगाडीच्या काळात आठवडी बाजार उरकून रात्री गावाकडे परतणारा गाडीवान कासरा सैल सोडून गाडीत खुशाल आडवा होई. बैल आपल्या चालीने वाट कापीत. ओढा आला की उतार बघून पाय टाकीत, समोरून दुसरी गाडी आली की कडेला सरत आणि बरोबर आपल्या गोठ्यासमोर येऊन उभे राहत. धन्याला जाग यायची ती गाडी थांबली म्हणून. गाडीवानाचे दोन डोळे मिटले तरी बैलांचे चार डोळे उघडे असत, हे त्यातले इंगित.

आज गावोगाव घरासमोर मोटारसायकल उभी आहे. कुणाकडे ट्रॅक्टर आहे, कुणाकडे माल वाहायला टेम्पो आहे. कामे झपाट्याने उरकतात, याबद्दल तक्रार नाही. पण बैल गेले आणि त्यांच्याबरोबर ते चार डोळेही गेले. ट्रॅक्टरच्या अंगी पन्नास घोड्यांची ताकद असते, पण त्यांतल्या एकाही घोड्याची नजर त्याला नसते. चालवणाऱ्याचे लक्ष ढळले की यंत्र ज्या दिशेला तोंड असेल त्या दिशेला जाते. समोर खड्डा आहे, गुरांचा कळप आहे की शाळेतून घरी निघालेले लेकरू आहे, याचे त्याला सोयरसुतक नसते.

गाडी घेताना आपण पुष्कळ चौकशी करतो. ॲव्हरेज किती, हप्ता किती, टायर कोणत्या कंपनीचे, सगळे विचारतो. परंतु जे काम पूर्वी बैल करीत, ते वाटेकडे बघण्याचे काम आता पूर्णपणे आपल्या अंगावर आले आहे, ही गोष्ट मात्र ध्यानात राहत नाही. आजचा लेख त्याबद्दल आहे. तो गाडी चालवणाऱ्याने वाचावाच, पण घरी वाट बघत थांबणाऱ्या माउलीने आणि मुलाबाळांनीही वाचावा. त्यांच्या हाती यातले बरेच काही आहे. ते कसे, हे पुढे येईलच.

अपघात शहरात होतात, हा गैरसमज

आपल्याला वाटते की अपघात म्हणजे मुंबई-पुण्याकडची गोष्ट. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावरच्या अपघातांत दगावली. हिशेब केला तर दर तासाला एकोणीस माणसे होतात. यांतली निम्म्याहून कितीतरी जास्त माणसे ग्रामीण भागातल्या रस्त्यांवर गेली. वाहनांप्रमाणे पाहिले तर सर्वांत मोठा वाटा दुचाकीवरच्या माणसांचा होता.

असे का व्हावे? गावाकडचा रस्ता दिसायला मोकळा असतो. सिग्नल नाही, गर्दी नाही. म्हणून माणूस निर्धास्त होतो. पण याच रस्त्यावर शेळ्या आडव्या येतात, पाणंदीतून अचानक ट्रॅक्टर बाहेर पडतो, कुणी ज्वारी नाहीतर सोयाबीन वाळत घातलेले असते, पुलाला कठडा नसतो आणि गतिरोधकावर पांढरा पट्टा नसतो. शहरातल्या रस्त्यावर पुढचे संकट निदान पाटी लावून सांगितलेले असते. इथे ते आपल्या डोळ्यांनीच हेरावे लागते. म्हणजे जिथे लक्ष जास्त हवे, तिथेच आपण ते कमी देतो.

चार सेकंदांत एक एकर

आता थोडे गणित करू. शाळेत जाणाऱ्या मुलाला जवळ बसवून केले तरी चालेल.

ताशी १८ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ५ मीटर जाते. वेग ३६ झाला की १० मीटर, ५४ झाला की १५ मीटर आणि ७२ झाला की २० मीटर. आपली मोटारसायकल डांबरी सडकेवर सहज साठाच्या वेगाने पळते. साठाच्या वेगाला एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर, म्हणजे सुमारे ५५ फूट वाट मागे पडते.

खिशातला फोन वाजला. तो काढला, कुणाचा आहे ते पाहिले आणि परत ठेवला. बोललोसुद्धा नाही. याला किती वेळ लागतो? चार सेकंद धरा. साठाच्या वेगाला चार सेकंदांत गाडी सुमारे २२० फूट जाते. एक एकराच्या चौकोनी तुकड्याची एक बाजू २०८ फुटांच्या आसपास असते. म्हणजे नुसता नंबर बघण्याच्या नादात तुम्ही एका एकराचे रान या बांधापासून त्या बांधापर्यंत डोळे मिटून ओलांडले!

आपल्या वावरात असे डोळे बांधून कुणी चालेल काय? विहीर कुठे, खुंटी कुठे, बांध कुठे या धास्तीने चार पावलांवर थांबेल. मग जिथे दुसऱ्यांची लेकरे चालतात, त्या सडकेवर तसे पळण्याची हिंमत आपण कशी करतो?

दुसरी गोष्ट ब्रेकची. संकट दिसले, मेंदूला उमगले आणि पाय ब्रेकवर गेला, याला लक्ष शाबूत असलेल्या माणसालाही एक ते दीड सेकंद लागतो. तेवढ्या वेळात गाडी पूर्वीच्याच वेगाने पुढे जात असते. ब्रेक लागल्यावरही ती जागच्या जागी थांबत नाही. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतर थांबायला लागणारे अंतर चौपट होते. ओल्या रस्त्यावर आणि भरलेल्या ट्रॉलीला ते आणखी वाढते. म्हणून 'ब्रेक चांगले आहेत' या भरवशावर लक्ष सैल सोडू नये. ब्रेक कितीही चांगले असले तरी ते लावायचे केव्हा हे डोळ्यांनीच सांगावे लागते.

डोळे उघडे, पण दिसत नाही

तुम्ही म्हणाल, 'आम्ही फोन हातात धरतच नाही. कानात बोळा घालतो. दोन्ही हात हँडलवर आणि डोळे समोर. मग काय बिघडले?'

ही समजूत फार पसरलेली आहे, म्हणून तिचा नीट विचार करू. गाडी चालवायला तीन गोष्टी लागतात. डोळे रस्त्यावर, हात हँडलवर आणि मन कामावर. फोन हातात धरला तर तिन्ही जातात. कानात घातला तर डोळे आणि हात राहतात, पण मन जाते. आणि मन गेले की डोळे उघडे असून उपयोग होत नाही.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री या मानसशास्त्रज्ञांनी एक मजेदार प्रयोग केला. तो १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी लोकांना एक छोटी फिल्म दाखवली. तीत काही मुले पांढरे सदरे घालून आणि काही काळे सदरे घालून आपापसांत चेंडू फेकत होती. पाहणाऱ्यांना सांगितले होते की पांढऱ्या सदऱ्यांच्या मुलांनी चेंडू किती वेळा फेकला ते मोजा. खेळ चालू असताना गोरिलाचा, म्हणजे मोठ्या वानराचा वेश घातलेले एक माणूस त्यांच्या मधोमध आले, छाती बडवून दाखवली आणि निघून गेले. फिल्म संपल्यावर विचारले, वानर दिसले काय? जवळजवळ निम्म्या लोकांनी सांगितले, 'कसले वानर?' त्यांचे डोळे चांगले होते आणि तिकडेच लागलेले होते. पण मन मोजण्यात गुंतले होते, म्हणून समोरचे धिप्पाड वानरसुद्धा त्यांना दिसले नाही.

आता वानराच्या जागी रस्ता ओलांडणारी म्हैस किंवा डोक्यावर गवताचा भारा घेतलेली बाई कल्पा. फोनवर कांद्याच्या भावाची बोलणी चालली आहेत. डोळे समोर आहेत, पण म्हैस 'दिसत' नाही. अपघातानंतर पुष्कळ जण शपथेवर सांगतात, 'अचानक पुढे आली हो, कुठून आली कळलेच नाही!' ते खोटे बोलत नसतात. त्यांना खरोखरीच कळलेले नसते.

कॅनडातील टोरांटो शहरात डोनाल्ड रेडेलमायर आणि रॉबर्ट टिबशिरानी या संशोधकांनी अपघात झालेल्या ६९९ चालकांच्या फोनच्या नोंदी तपासल्या. फोनवर बोलताना अपघाताचा धोका सुमारे चौपट होतो, असे त्यांना १९९७ साली आढळले. हात मोकळे ठेवून बोलण्याची सोय असलेल्या फोनांनीही तो धोका कमी झाल्याचे दिसले नाही. जागतिक आरोग्य संघटनाही आज तेच सांगते.

यावर कुणी म्हणेल, 'मग शेजारी बसलेल्या माणसाशी बोलायचेच नाही काय?' बेताने बोला, पण दोन्हींत एक फरक आहे. शेजारच्याला रस्ता दिसत असतो. समोर वळण आले, ट्रक आला की तो आपोआप गप्प होतो, उलट 'अरे, पुढे बघ' म्हणून सावध करतो. फोनवरच्या माणसाला यातले काही दिसत नाही. तुम्ही अरुंद पुलावर असताना तो तुम्हाला ट्रॅक्टरच्या भाड्याचा हिशेब विचारीत राहतो. आणि शेजारचाही भान सोडून बोलू लागला तर धोकाच. एसटीच्या गाडीत चालकाशी बोलू नये अशी पाटी पूर्वीपासून लावलेली असे. मोबाईल आले त्याच्या कितीतरी आधी लोकांना हे शहाणपण होते.

फोन कुणाचा असतो?

आता घरच्या मंडळींकडे वळू. गाडीवर असताना आलेला फोन बहुधा कुणाचा असतो? कुणा परक्याचा नव्हे. आपल्याच घरचा.

धनी सकाळी डेअरीवर दूध घालायला गेलेले असतात. इकडे लाइट येते. घरून फोन जातो, 'अहो, लाइट आली, मोटार चालू करू का?' तेवढ्यात लक्षात येते की साखर संपली. पुन्हा फोन, 'येताना साखर आणा.' नंतर पाहुणे येतात. पुन्हा फोन. एकदा उचलला नाही तर जीव खालीवर होतो, म्हणून लागोपाठ चार वेळा लावला जातो. तिकडे खिशात फोन वाजतच राहतो. माणसाला वाटते, घरी काही बरेवाईट झाले की काय! म्हणून तो धावत्या गाडीवर खिशात हात घालतो. किटल्या दोन्ही बाजूंना लटकलेल्या, एक हात खिशात, मन घरात. पुढचा गतिरोधक त्याला दिसावा कसा?

माउलींनो, काळजीपोटी केलेला फोनच असा घात करू शकतो. यात तुमचा दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. पण उपाय मात्र तुमच्या हाती आहे. एक साधी रीत पाडा. फोन उचलला गेला की पहिला प्रश्न 'कुठे आहात?' असा करू नये. 'गाडीवर आहात का?' असा करावा. उत्तर 'हो' आले की पुढे एक शब्दही न बोलता 'थांबल्यावर लावा' म्हणून फोन ठेवावा. साखरेवाचून चहा एक दिवस अडला तरी चालेल.

मुलगा मोटारसायकलवरून तालुक्याला गेला असेल आणि फोन उचलत नसेल, तर त्याचा अर्थ तो शहाण्यासारखा गाडी चालवतो आहे असा धरावा. पोचल्यावर त्याने स्वतः कळवावे, एवढी सवय त्याला लावावी. आणि त्याने फोन उचलला नाही म्हणून घरी आल्यावर त्याला बोल लावू नये. बोल लावलात तर उद्या तो धावत्या गाडीवर फोन उचलील.

शेतकऱ्याची खास मोहिनी

फोन हा एक चोर झाला. पण लक्ष चोरणारे दुसरेही चोर आहेत, आणि काही तर आपल्या धंद्यातच दडलेले आहेत.

पहिला चोर म्हणजे दुसऱ्याचे रान. सडकेने जाताना शेतकऱ्याची मान सरळ राहणे कठीण. कुणाचा ऊस केवढा झाला, कुणाच्या कपाशीवर लाल्या पडला, कुणी ठिबक टाकले, हे बघितल्याशिवाय चैन पडत नाही. पीक बघावे, अवश्य बघावे. पण गाडी कडेला लावून, बांधावर उभे राहून बघावे. बघता बघता मान ज्या बाजूला वळते, त्या बाजूला हँडलही नकळत वळते.

दुसरा चोर ट्रॅक्टरवाल्यांचा आहे. नांगरट करताना, पेरणी करताना ट्रॅक्टर चालवणाऱ्याला मागे बघावेच लागते. फाळ किती खोल गेला, तास सरळ आहे का, यंत्र तुंबले का, यावर त्याची नजर लागते. दिवसभर वावरात मागे बघून मानेला तशी सवयच लागते. संध्याकाळी तोच माणूस तोच ट्रॅक्टर घेऊन सडकेला येतो आणि मान पुन्हा मागे जाते. ट्रॉलीवरचा ऊस सरकला का, दोर सुटला का, वर बसलेला गडी नीट आहे का? ट्रॅक्टरचा वेग कमी असतो म्हणून भीती वाटत नाही. पण ताशी २५ किलोमीटरच्या वेगानेही पाच सेकंद मागे पाहिले तर ट्रॅक्टर ११० फुटांहून अधिक पुढे गेलेला असतो. म्हणून भार निघण्यापूर्वीच घट्ट आवळावा. वाटेत शंका आली तर थांबून, उतरून बघावे. मागचे दिसण्यासाठी दोन्ही बाजूंना आरसे बसवून घ्यावेत. आणि वावर सोडून सडकेला लागताना ब्रेकचे दोन्ही पायटे खिट्टी लावून जोडायला विसरू नये. नाहीतर अडचणीच्या वेळी एकाच चाकाला ब्रेक लागून ट्रॅक्टर गर्रकन फिरतो.

तिसरा चोर मडगार्डवर बसतो. ट्रॅक्टरवर जागा एकाच माणसाची असते, तरी दोन्ही मडगार्डांवर सोयरेधायरे बसतात. त्यांच्या गप्पा, हसणे, वरून टेपचा मोठा आवाज. मागून ट्रक हॉर्न देतो तो ऐकू येत नाही. एखादा तोल जाऊन चालवणाऱ्याच्याच दंडाला धरतो. गाण्याची हौस असेल तर ती वावरात भागवावी. सडकेवर कान मोकळे हवेत.

चौथा चोर तंबाखूचा. हँडल गुडघ्याने सावरून दोन्ही हातांनी तंबाखू मळणारे बहाद्दर आपण पाहतो. चुन्याची डबी उघडायची, चिमूट घ्यायची, मळायची, झटकायची, एवढा सोहळा धावत्या ट्रॅक्टरवर चालतो. पाचवा चोर रामरामाचा. समोरून ओळखीचा माणूस आला की हात उंच जातो, मान वळते, कधी दोन गाड्या शेजारी शेजारी चालवत गप्पाही रंगतात. हात न उचलता, नुसता हॉर्न देऊन पुढे गेलात तर कुणाचा अपमान होत नाही.

मोटारसायकलवर आणखी एक गोष्ट असते. ती म्हणजे मागे बसलेली माणसे. मागच्या बाईचा पदर किंवा पोरीची ओढणी चाकाकडे लोंबत असेल, तर चालवणारा सारखा मागे वळून बघतो. आणि बघितले नाही तर ती चाकात अडकण्याचे भय. निघतानाच पदर खोचून, ओढणी आवळून बसावे. पेट्रोलच्या टाकीवर लहान मूल बसवण्याची पद्धत तर मोडलीच पाहिजे. ते हँडलला धरते, हॉर्न दाबते, झोपेने डुलते, आणि बापाचे अर्धे लक्ष त्याला सावरण्यात जाते.

आपले लक्ष शाबूत असावे, तसे दुसऱ्याचे लक्ष आपल्याकडे जावे याचीही तजवीज हवी. गळीत हंगामात रात्री सडकेवर उसाच्या ट्रॉल्या उभ्या असतात. मागे लाल दिवा नाही, चमकपट्टी नाही. मागून येणारा मोटारसायकलवाला क्षणभर जरी दुसरीकडे बघत असला तरी थेट उसात घुसतो. चमकपट्टीला थोडेच पैसे पडतात. ट्रॉली बंद पडली तर तिच्या मागे बऱ्याच अंतरावर काही खूण ठेवावी आणि शक्य तितक्या लवकर ती सडकेवरून हलवावी.

मनावरचे ओझे

फोन बंद करता येतो, टेप बंद करता येतो. मन कसे बंद करावे? मार्केटला टोमॅटो नेला, भाडेसुद्धा निघाले नाही. सोसायटीची नोटीस आली. भावकीत बांधावरून वाद झाला. अशा वेळी माणूस गाडीवर बसतो, पण चित्त थाऱ्यावर नसते. रागाने गाडी पळवली जाते, नाहीतर विचारांच्या तंद्रीत मधली दोन गावे कधी मागे पडली हेही आठवत नाही.

अशा वेळी गाडीला लगेच किक मारू नये. घोटभर पाणी प्यावे, कुणाशी दोन शब्द बोलावे, दहा मिनिटे बसावे. घरच्यांनीही एक पथ्य पाळावे. घरातून बाहेर निघणाऱ्या माणसाशी उंबऱ्यावर भांडू नये. भांडण संध्याकाळपर्यंत ठेवता येते. दुखवट्याची बातमी असेल तर ती गाडीवरच्या माणसाला फोनवर सांगू नये. तो थांबला आहे, जवळ कुणी आहे याची खात्री करून मगच सांगावी. आजारी माणसाला दवाखान्यात नेताना घाबरलेल्या मुलाऐवजी शेजारच्या शांत डोक्याच्या माणसाने गाडी चालवावी.

झोप हा तर सगळ्यांत मोठा चोर. मध्यरात्रीनंतर दोन ते पहाटे सहापर्यंत आणि दुपारी जेवणानंतर शरीर आपणहून झोप मागते. आणि आपला माल मार्केटला निघतो तो नेमका पहाटेच्या अंधारात. लग्नाची वरात, यात्रेहून परतणे, उसाच्या रात्रीच्या खेपा, सारे त्याच वेळी. साठाच्या वेगाला तीन सेकंद डोळा लागला तर गाडी १६० फुटांहून जास्त पुढे जाते, तीही ब्रेकवर पाय नसताना. सरळ, गुळगुळीत मोठ्या रस्त्यावर ही डुलकी आणखी लवकर येते, कारण डोळ्यांना नवे काही दिसत नाही. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग २०२२ च्या डिसेंबरपासून टप्प्याटप्प्याने खुला झाला आणि २०२५ साली पूर्ण झाला. जीप घेऊन त्यावरून दूरच्या लग्नाला जाणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

सारख्या जांभया येणे, पापण्या जड होणे, मागचे मैल-दोन मैल कसे गेले ते न आठवणे, ही झोपेची नोटीस आहे. तोंडावर पाणी मारून, मोठ्याने गाणे म्हणून ती टळत नाही. गाडी सडकेच्या बाहेर सुरक्षित जागी लावून पंधरा-वीस मिनिटे झोपणे हाच उपाय. मार्केटला अर्धा तास उशीर झाला तर भाव चार पैसे कमी मिळेल. पण भाव घ्यायला माणूस तर राहील!

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा १९८८ सालचा आहे. २०१९ साली त्यात सुधारणा झाली आणि गाडी चालवताना हातातला फोन वापरणे हे कलम १८४ मध्ये 'धोकादायक वाहन चालवणे' म्हणून धरले गेले. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा तोच गुन्हा केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमाप्रमाणे फोनचा उपयोग फक्त वाट बघण्यासाठी करता येतो, तोही चालवणाऱ्याचे चित्त विचलित होणार नाही अशा रीतीने. म्हणजे नकाशा लावायचा असेल तर निघण्यापूर्वी लावावा आणि फोन पक्का बसवावा.

अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकांनाही याच सुधारणेने चाप लावला आहे. मुलाने गुन्हा केला तर पालकाला किंवा वाहनाच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. 'आमचा बंडू सातवीत आहे, पण ट्रॅक्टर काय झकास चालवतो!' असे कौतुक आपण करतो. चालवणे हाताला लवकर येते. एकाच वेळी चार दिशांचे भान ठेवणे मात्र वयानेच येते.

एवढे कराच

कायद्याचा शिपाई प्रत्येक पाणंदीवर उभा राहू शकत नाही. म्हणून घरानेच आपले नियम करावेत.

१. निघण्यापूर्वी ज्यांना फोन करायचे त्यांना करून घ्या. मग फोनचा आवाज बंद करून तो पिशवीत किंवा डिकीत ठेवा. वरच्या खिशात ठेवू नका.

२. कुठे जाता आणि साधारण किती वाजता पोचाल हे घरी सांगून निघा. पोचल्यावर कळवा. मग मधे कुणी फोन करणार नाही.

३. वाटेत फोन घ्यायचाच असेल तर सडकेच्या पूर्ण खाली उतरा. वळणावर, पुलावर, चढाच्या माथ्यावर थांबू नका. गाडी बंद करून मग बोला.

४. मागे कुणी बसले असेल तर फोन त्याच्या हाती द्या. निरोप तो घेईल.

५. कानात बोळे घालून गाडी चालवू नका. एका कानातही नको.

६. भार, दोर, किटल्या, पदर, पिशव्या यांची पाहणी निघतानाच करा. आरसे पुसून घ्या.

७. तंबाखू, पान, खाणे, गप्पा हे सारे गाडी थांबवून.

८. राग, दुःख, जागरण किंवा दारू अंगात असताना गाडीला हात लावू नका. किल्ली दुसऱ्याकडे द्या, नाहीतर एसटीने जा.

९. घरच्यांनी फोनवर पहिला प्रश्न 'गाडीवर आहात का?' हाच विचारायचा.

१०. लहान मुलांना पंच नेमा. बाप धावत्या गाडीवर फोन काढू लागला की मुलाने 'बाबा, पुढे बघा' म्हणायचे आणि बापाने राग मानायचा नाही. मूल जे बघते तेच मोठेपणी करते.

या दहा गोष्टींना पैसा लागत नाही, सरकारी योजना लागत नाही, कुणाच्या सहीचीही गरज नाही. आज रात्री जेवायला सारे एकत्र बसाल तेव्हा हा लेख एकाने मोठ्याने वाचावा आणि निदान दुसरा आणि नववा नियम तरी उद्यापासून घरात लागू करावा. पीक बुडाले तर पुढचा हंगाम असतो, जनावर गेले तर दुसरे आणता येते. सांजेला उंबऱ्याकडे डोळे लावून बसलेल्या घराला मात्र गेलेले माणूस कुणी परत आणून देत नाही. त्यासाठी सडकेवर जाणाऱ्याने आपले डोळे पुढे ठेवावेत, आणि घरच्यांनी ते पुढेच राहतील असे बघावे.